गाठीच्या आतला शेक
(प्रस्तावना)

नागपुरात तुकडोजी पुतळा चौकात उतरून कुणालाही ‘कॅन्सर हॉस्पिटल कुठं?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा नुसता हात उचलून दिशा दाखवली जाते. विचारणाऱ्याच्या काखेतली फिल्मांची मोठी पिशवी पाहून समोरच्याला सगळं कळलेलं असतं. ज्यांच्या नावाचं हे हॉस्पिटल, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज स्वतः कॅन्सरनेच गेले. साठी गाठण्याआधी, ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, मोझरीच्या गुरुकुंजात. त्या काळी विदर्भातल्या माणसाला हा रोग झाला की मोठ्या इलाजासाठी मुंबईची गाडी पकडायची आणि परळला टाटा गाठायचं, हे ठरलेलंच होतं. पुढेही कितीतरी वर्षं तेच चाललं. मुक्कामाला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा. म्हणजे परमुलखातही आसरा मिळाला तो आपल्याकडच्याच दुसऱ्या संताच्या नावाने. आज तुकडोजी हॉस्पिटल आहे, मेडिकल म्हणजे शासकीय मेडिकल कॉलेज आहे, वर्धा रोडवर जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. मुंबईची गाडी अजून भरून जाते, पण पूर्वीइतकी नाइलाजाने नाही.

या पुस्तकाचा विषय कॅन्सरच्या अनेक इलाजांपैकी एक आहे: किरणोत्सारी पदार्थ थेट गाठीत नेऊन ठेवणं. सुईतून, बारीक नळीतून, गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीतून, आणि अलीकडे जेलमध्ये मिसळून टोचून. आपल्याकडे रेडिएशनला लोक ‘शेक’ म्हणतात, ‘लाइट’ म्हणतात. मोठ्या मशीनखाली झोपवून बाहेरून दिला जाणारा शेक आता बऱ्याच घरांना माहीत झाला आहे. आतून देण्याचा शेक मात्र अजून ऐकीव आहे. ऐकीव असल्यामुळे त्याच्याभोवती दोन टोकाच्या समजुती साठल्या आहेत. एकीकडे ‘अंगात अणुबॉम्बचं औषध घालतात’ ही भीती, आणि दुसरीकडे मोबाइलवर फिरणारी ‘एका इंजेक्शनमध्ये गाठ गायब’ अशी बातमी. मला दुसरी जास्त घातक वाटते. घाबरलेला माणूस निदान डॉक्टरला चार प्रश्न विचारतो. बातमीवर विश्वास टाकलेला माणूस त्या इंजेक्शनची वाट पाहत ठरलेलं ऑपरेशन पुढे ढकलतो.

तेव्हा आधी हे सांगून टाकतो की कल्पना शंभराहून अधिक वर्षांची आहे. रेडियमचा शोध १८९८ चा. १९०१ मध्ये पिएर क्युरी यांनी थोडं रेडियम पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलातल्या डॉ. दानलोस यांना वापरून पाहायला दिलं. १९०३ मध्ये एका गृहस्थाने वॉशिंग्टनच्या एका डॉक्टरला पत्र लिहून सुचवलं की क्ष-किरणांची नळी मोठी, ती शरीरात घालता येत नाही. पण रेडियमचा कण एवढासा असतो, तो बारीक काचेच्या नळीत बंद करून सरळ कॅन्सरच्या गाभ्यात का ठेवू नये? पत्रलेखक डॉक्टर नव्हता. तो टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल होता. पुढे १९१४ मध्ये डब्लिनला जॉन जॉली आणि वॉल्टर स्टीव्हन्सन यांनी रेडियममधून निघणारा रेडॉन वायू केसासारख्या काचेच्या नळ्यांत भरला, त्या नळ्या पोकळ सुयांत घातल्या आणि सुया गाठींत खोवल्या. ‘थेट गाठीत’ म्हणून आज जे नवं म्हणून सांगितलं जातं, त्याचा सांगाडा तिथे उभा झाला होता.

या मार्गाची मोहिनी कशात आहे ती एकदा समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं. शेकोटीपासून हातभर मागे सरकलं की ऊब किती झपाट्याने उतरते हे थंडीत उघड्यावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. एखाद्या लहानशा किरणोत्सारी स्रोताचंही तसंच. अंतर दुप्पट झालं की मारा चौथ्या हिश्शावर येतो, तिप्पट झालं की नवव्या. मग स्रोत गाठीच्या आतच असला, तर गाठीला भरपूर मिळतं आणि दोन बोटांपलीकडच्या निरोगी भागाला फारच थोडं. बाहेरच्या मशीनचे किरण गाठीपर्यंत पोचण्याआधी कातडी ओलांडतात आणि गाठीनंतर पलीकडचंही काही ओलांडून जातात. आजची मशीन हुशार झाली आहेत, अनेक दिशांनी थोडं थोडं देऊन त्यांनी हा तोटा बराच कमी केला आहे. तरी आतून देण्याची ही साधी भूमिती अजून मोडीत निघालेली नाही.

आणि तोटाही याच भूमितीत आहे. जवळ भरपूर आणि दूर नगण्य, म्हणजे सुई पाच मिलिमीटर चुकली की गाठीचा एक कोपरा उपाशी राहतो. तिथूनच रोग परत डोकं काढतो. १९३४ मध्ये मँचेस्टरच्या राल्स्टन पॅटर्सन आणि हर्बर्ट पार्कर यांनी सुया कुठे, किती अंतरावर आणि किती वेळ ठेवायच्या याचे नियम आणि कोष्टकं बांधली, तेव्हा कुठे या कलेला हिशेब आला. शिवाय रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे त्याचा मारा निम्म्यावर यायला लागणारा काळ, १,६०० वर्षांचं. एखादी सुई ड्रेसिंगच्या कापसाबरोबर कचऱ्यात गेली तर ती कुठेतरी शतकानुशतकं जळत बसणार. म्हणून त्या काळच्या वॉर्डात सुया सोन्याच्या दागिन्यांहून काटेकोरपणे मोजून देत-घेत असत, आणि त्या हाताने बसवणाऱ्या डॉक्टरांची बोटं वर्षानुवर्षांच्या माऱ्याने खराब होत असत.

आपल्याकडची हकीकत रेडियमच्या ओढीनेच सुरू होते. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. हिंदुस्थानात रेडियमचा इलाज आणावा असं पती दोराबजींच्या मनात होतं, पण वर्षभरात तेही गेले. त्यांच्या मागे ट्रस्टने काम पुढे नेलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल उघडलं, तेव्हा अवघ्या ८० खाटांचं. पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९६२ मध्ये हे हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली गेलं. आरोग्य खात्यातून कॅन्सरचं हॉस्पिटल अणुऊर्जेकडे जाणं आजही नवख्याला कोड्यासारखं वाटतं. पण खात्याचे प्रमुख होमी भाभा यांचा हिशेब सरळ होता: तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी १९५६ मध्ये चालू झाली, पाठोपाठ १९६० मध्ये ‘सायरस’, भट्टीत किरणोत्सारी समस्थानिकं तयार होणार, तर ती वापरणारं हॉस्पिटल त्याच घरातलं असावं. मराठी रोग्याला हे कधी कुणी सांगितलं नाही, पण परळच्या वॉर्डात त्याच्या अंगात जे काही घातलं गेलं, त्यातलं पुष्कळसं चेंबूरच्या पलीकडे शिजलेलं होतं.

आतला शेक प्रत्यक्षात कसा देतात, ते एकदा जवळून पाहू. जिभेच्या कडेला लहान गाठ आहे असं धरा. रोग्याला भूल देतात. हनुवटीखालच्या कातडीतून पोकळ सुया वर जिभेत नेतात, सेंटिमीटर-सेंटिमीटरच्या अंतराने, एकमेकींना समांतर. डॉक्टरचं एक बोट तोंडात असतं. सुई वर येताना ते बोटच सांगतं की ती कुठे निघते आहे. सुयांमधून प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या ओढून घेतात, सुया काढतात आणि नळ्या सरकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना चपटी बटणं लावतात. रोगी शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्या हनुवटीखाली नळ्यांची झालर असते आणि त्याला बोलता येत नाही. मागायचं ते पाटीवर लिहून. मग सीटी स्कॅन. त्यावर भौतिकशास्त्रज्ञ कॉम्प्युटरवर बसून ठरवतो की कुठल्या नळीत स्रोत कुठे थांबेल आणि किती सेकंद थांबेल. स्रोत म्हणजे इरिडियम-१९२ चा, तांदळाच्या कणीहून बारीक तुकडा, पोलादी तारेच्या टोकाला जोडलेला. एरवी तो धातूच्या जाड तिजोरीत असतो. रोग्याला खोलीत एकटं ठेवून दार लावतात, नळ्या यंत्राला जोडलेल्या असतात, तार एकेका नळीत जाते, ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबते आणि परत येते. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. दिवसातून दोनदा, मध्ये किमान सहा तास सोडून, असं काही दिवस. शेवटी नळ्या ओढून काढतात. रोग्याच्या अंगात काहीच उरत नाही. तो घरी जाऊन नातवाला मांडीवर घेऊ शकतो. हा प्रश्न दरवेळी विचारला जातो, म्हणून इथेच उत्तर.

या यंत्रावर आंधळा विश्वास टाकू नये, हे शिकवणारी एक घटना प्रशिक्षणात अजून सांगतात. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या इंडियाना नावाच्या गावात एका वृद्ध बाईला असा शेक देताना तार तुटली आणि इरिडियमचा तुकडा नळीसकट तिच्या अंगात राहिला. भिंतीवरच्या मापकाने धोक्याचा इशारा दिला होता. यंत्राच्या पडद्यावर मात्र स्रोत सुरक्षित जागी परतल्याचं दिसत होतं. तो मापक आधीही खोटा वाजला होता, म्हणून कर्मचाऱ्यांनी पडद्यावर भरवसा ठेवला. हातात धरायचा मीटर घेऊन बाईजवळ कुणी गेलं नाही. चार दिवसांनी ती नळी आपोआप गळून पडली आणि कचऱ्यात गेली. बाई त्यानंतर लगेच वारली. तुकडा सापडला तो कचऱ्याच्या ट्रकने दूरच्या एका कारखान्यातला इशारा वाजवला तेव्हा. आज प्रत्येक वेळी, स्रोत परत आल्यावर, कुणीतरी हातातला मीटर घेऊन रोग्याजवळ उभा राहतो तो यामुळेच. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय आणि नेमलेल्या सुरक्षा अधिकाऱ्याशिवाय हे काम करताच येत नाही. परवान्याच्या कागदांना नाकं मुरडणाऱ्या डॉक्टरांनाही मी ही गोष्ट सांगत असतो.

आता टोचण्याकडे. वर सांगितलेल्या पद्धतीत स्रोत आत जातो आणि परत येतो. टोचलेला पदार्थ परत येत नाही, तो तिथेच विझतो. म्हणून अल्पायुषी पदार्थ लागतात. १९५१ मध्ये अमेरिकेत आयोवाचे मूत्ररोगतज्ज्ञ रुबिन फ्लॉक्स यांनी किरणोत्सारी सोन्याचं कलिल, म्हणजे द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म कण, प्रोस्टेटच्या गाठीत टोचायला सुरुवात केली. सोनं-१९८ चं अर्धायुष्य २.७ दिवस. ही पद्धत पुढे मागे पडली. द्रव टोचला की तो गाठीभर सारखा पसरेल ही आपली समजूत. गाठीला ती मान्य नसते. घट्ट गाठीच्या आतला दाब आजूबाजूच्या मांसापेक्षा जास्त असतो. तिथली रक्तवाहिन्यांची बांधणी वेडीवाकडी आणि गळकी असते, लसवाहिन्या नीट चालत नाहीत, मध्यभाग अनेकदा मेलेला असतो. टोचलेला द्रव जिथे वाट मिळेल तिथे जातो: एका बाजूला साठतो, सुईच्या वाटेने मागे येतो, नाहीतर रक्तात मिसळून यकृताकडे निघून जातो. इंजिनिअरिंग शिकून कॅन्सरकडे वळलेले राकेश जैन यांनी गाठीतल्या या दाबाचा अभ्यास अमेरिकेत उभा केला. कागदावर उत्तम दिसणारी औषधं गाठीच्या आत का पोचत नाहीत, याचं मोठं कारण तिथे आहे.

म्हणून पुढच्या पिढीने द्रवाऐवजी कण घेतले. रक्तात वाहून जाणार नाहीत एवढे मोठे, सुईतून जातील एवढे लहान. यात सर्वांत रुळलेला इलाज यकृताच्या कॅन्सरचा आहे, आणि त्यात निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. निरोगी यकृताला बहुतेक रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, तर यकृतातली गाठ मुख्यतः धमनीवर पोसते. मग जांघेतून बारीक नळी धमनीत घालून यकृतापर्यंत नेली आणि इट्रियम-९० भरलेले काचेचे सूक्ष्म गोळे तिथे सोडले, तर ते गाठीच्याच बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. इट्रियमच्या बीटा कणांची धाव मांसात सरासरी अडीच मिलिमीटर, जास्तीत जास्त ११. हे काचेचे गोळे वर्षानुवर्षं परदेशातून येत आणि त्यांची किंमत ऐकून नातेवाईक गप्प होत. भाभा अणुसंशोधन केंद्राने देशी गोळे बनवले, ‘भाभास्फिअर’ या नावाने. याच केंद्राने डोळ्याच्या कॅन्सरसाठी रुथेनियम-१०६ ची चकती आणि आयोडीन-१२५ च्या बिया तयार केल्या. त्यांची बातमी चार ओळींची छापून येते; इस्रायलच्या एखाद्या कंपनीची अर्धं पान.

इस्रायलच्या कामाची बातमी अर्धं पान घेण्यासारखी आहे, हेही खरं. तेल अवीव विद्यापीठातल्या इत्झाक केल्सन आणि योना केसारी यांनी रेडियम-२२४ चा लेप दिलेल्या बारीक पोलादी बिया बनवल्या. अल्फा कण मांसात एक दशांश मिलिमीटरही जात नाहीत, म्हणून एरवी ते गाठीला पुरे पडत नाहीत. इथे युक्ती अशी की रेडियममधून सुटणारे अल्पायुषी अणू स्वतःच बियेपासून काही मिलिमीटर पसरतात आणि जिथे पोचतात तिथे अल्फा सोडतात. २०२० मध्ये इस्रायल आणि इटलीतल्या रोग्यांवरचे पहिले निकाल आले. कातडीच्या आणि तोंड-मान भागातल्या, मोजता आलेल्या २८ गाठींपैकी २२ पूर्ण नाहीशा झाल्या. आकडा डोळ्यांत भरतो. पण ती मोजणी काही आठवड्यांनंतरची, गाठी बहुतेक लहान, आणि रोगी मूठभर. याच वाटेवर नेदरलँड्सच्या उट्रेक्टला होल्मियम-१६६ चे कण मांजरांच्या तोंडातल्या कॅन्सरमध्ये टोचून पाहिले गेले. अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या गाठींसाठी इट्रियमचे कण जेलमध्ये मिसळून टोचतात. जेल सिरिंजमध्ये पातळ असतं आणि अंगाच्या उबेने घट्ट होतं, म्हणजे कण जागचे हलत नाहीत. मांजराला खर्रा न खाता तोंडाचा कॅन्सर होतो, ही त्याची बिचाऱ्याची कर्मकहाणी. आपल्याकडे कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

नागपुरातल्या कुठल्याही पानठेल्यावर संध्याकाळी उभं राहावं. ‘भाऊ, एक घोटून देजो’ असं म्हणताच ठेलेवाला पन्नीचा तुकडा पसरतो, त्यावर सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना टाकतो, पाण्याचे थेंब देतो, पन्नी मिटून तळहाताखाली जोरजोरात घोटतो. सुपारी तंबाखूचा रंग धरते, चुना दिसेनासा होतो. खर्ऱ्याची पुडी तयार. शाळकरी पोरापासून ठेकेदारापर्यंत आणि विदर्भाच्या पूर्व भागात बायकांपर्यंत सगळे ती गालफडात ठेवतात. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी आली. खर्रा ठेल्यावर ताजा बनतो, त्याला ना कारखाना ना पाकीट. त्यामुळे बंदी कागदावर आणि पन्नी हातात. नागपुरात १९८० पासून कॅन्सरची नोंदवही चालू आहे, आणि तोंडाचा कॅन्सर हे तिच्यातलं जुनं दुखणं आहे.

आणि इथेच या पुस्तकाच्या विषयाला आपल्या गावी अडखळायला होतं. तोंड हा तर टोचायला किती सोयीचा भाग: डोळ्यांना दिसतो, बोटाला लागतो, भूल न देताही सुई पोचते. मग नागपूरच्या रोग्याला हे सगळं सर्वांत आधी मिळायला हवं होतं. पण खर्रा जिथे तासन् तास बसतो ती जागा म्हणजे गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच. गाठ तिथे उगवते आणि लगेच जबड्याच्या हाडाला भिडते. हाडाला लागलेल्या गाठीत किरणोत्सारी स्रोत ठेवला तर हाड मरण्याची भीती, आणि हाडात शिरलेला रोग तरीही वाचण्याची. अशा गाठीला शस्त्रक्रियाच योग्य. मुंबई-नागपूरचे सर्जन जबड्याचा तुकडा काढून पायाच्या हाडाने तो पुन्हा बांधतात तेव्हा त्यांना दुसरा मोह नसतो असं नाही. रोगच दुसरं काही ठेवत नाही. युरोपातल्या पुस्तकांत आतल्या शेकाचे जे सुंदर निकाल दिसतात ते ओठाचे, जिभेच्या कडेचे, लहान गाठींचे. आपल्या ओपीडीत समोर बसलेला माणूस बहुधा वेगळा असतो. त्याने दोन महिने फोडावर बोरोग्लिसरीन लावलेलं असतं, मग एक दात काढून घेतलेला असतो आणि मानेत गाठ आल्यावर तो आलेला असतो. मानेत पसरलेल्या रोगाला तोंडात टोचलेलं इंजेक्शन पुरत नाही, मग ते इरिडियम असो की रेडियम.

जिथे आतला शेक आपल्याकडे खरोखर जीव वाचवतो आणि ज्याच्याबद्दल कुणी बातमी लिहीत नाही, ती जागा गर्भाशयाच्या मुखाची. तिथे तो पर्याय नसतोच, तो इलाजाचा अर्धा भाग असतो. पाच-सहा आठवडे बाहेरून शेक, सोबत केमो, आणि मग आतून काही वेळा इरिडियम. सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपायला हवं. लांबलं की गुण घटतो. होतं असं की बाहेरचा शेक संपेपर्यंत रक्तस्राव थांबलेला असतो, बाईला बरं वाटू लागतं. बालाघाट, छिंदवाडा, गडचिरोलीहून आलेली ती. घरी धान कापायला आलेला असतो. ‘आता बरी आहे ना माय, आतलं काउन करतात?’ असं तिची सासू विचारते आणि मंडळी बसने निघून जातात. तीन-चार महिन्यांनी परत येतात तेव्हा वेळ गेलेली असते. या पुस्तकातलं त्या बायकांविषयीचं प्रकरण मी सर्वांत आधी वाचायला सांगेन, टोचण्याच्या नवलाईच्याही आधी. तिथे नवा समस्थानिक नको आहे. बसचं भाडं, राहायला खोली आणि सासूशी तिच्या बोलीत दहा मिनिटं बोलणारं माणूस हवं आहे.

वेळेचा हिशेब पदार्थालाही चुकत नाही. इट्रियमचं अर्धायुष्य ६४ तास, होल्मियमचं २७ च्या आत. म्हणजे तुर्भ्याहून सोमवारी सकाळी निघालेलं इट्रियम गुरुवारी सकाळी निम्म्याच्या खाली आलेलं. विमानाने मुंबई-नागपूर दीड तास. पण शिशाचा डबा, वाहतुकीचे कागद, विमान कंपनीची परवानगी आणि कॅथ लॅबमधली रिकामी वेळ हे सगळं एकाच दिवशी जुळावं लागतं. रोग्याला आदल्या रात्री ताप आला तर मात्रा वाया जाते. ती फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात वापरता येत नाही. नवं इंजेक्शन नागपुरात कधी येणार, असं विचारणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे आणावं. पदार्थ बनवणं त्यातला सोपा भाग आहे. बोट तोंडात ठेवून सुई नेमकी नेणारा डॉक्टर, रात्री बसून सेकंद जुळवणारा भौतिकशास्त्रज्ञ आणि मीटर घेऊन दाराशी उभी राहणारी सिस्टर, या माणसांचा तुटवडा आहे. सुया बसवायची कला शिकायला वर्षं लागतात, आणि नवी पिढी बाहेरच्या शेकाच्या देखण्या मशीनकडे वळते. त्यांना दोष कसा द्यायचा? पगार आणि नाव दोन्ही तिकडेच आहे.

पुस्तक वाचताना काही आकडे आडवे येतील. ग्रे म्हणजे मांसाने किती मारा शोषला त्याचं माप, बेक्वेरेल म्हणजे पदार्थ किती वेगाने विघटित होतो त्याचं. दोन्ही एकच समजून लोक घाबरतात. हजारो कोटी बेक्वेरेल ऐकून कुणाला घाम फुटतो, पण मोजायचा असतो तो गाठीला मिळालेला ग्रे. भौतिकशास्त्राचं प्रकरण जड वाटलं तर सोडून पुढे जावं, बिघडत नाही. कुणी टोचायच्या किरणोत्सारी औषधाचा प्रस्ताव ठेवला, तर विचारावं की ही चाचणी आहे की रुळलेला इलाज. चाचणी असेल तर नैतिक समितीचा कागद कुठे आहे. पदार्थ आत राहतो की परत येतो. गाठीबाहेर किती जातो आणि ते कसं तपासणार. आणि शस्त्रक्रिया का नको. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा चुळबुळ करू लागला, तर दुसऱ्या ठिकाणी दाखवून यावं.

खर्रा खाणाऱ्या वाचकासाठी एक तपासणी इथेच करता येते. आपल्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तिन्ही जात नसतील, तिखट लागून तोंड आगीसारखं पोळत असेल, गालाच्या आत पांढरे दोर हाताला लागत असतील, तर सुपारीने गालाचं मांस आक्रसत चाललं आहे. अशा तोंडात कॅन्सर पुढे झाला तर सुई, नळी, दुर्बीण यांतलं काहीच नीट आत जात नाही, ऑपरेशनसाठी भूल देणाऱ्यालाही नाकातून वाट काढावी लागते. मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयाची ओपीडी सकाळी उघडते. तिथे चिठ्ठी काढून तोंड दाखवावं आणि पुडी ठेल्यावरच ठेवून जावं.